दोन नंबर मिसिंग मारतोय

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ, खंडाळा मागे पडलं की खंबाटकी घाट लागतो. तेव्हा पुण्याकडे परतणारी वाहतूक बोगद्यातून यायची, साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट चढावाच लागायचा. जुलै महिना होता. गाडीत चार माणसं, डिकी सामानाने भरलेली. तिसऱ्या गिअरमध्ये मी अॅक्सिलरेटर दाबला आणि कुणी मागून धरून ओढावं तसा गाडीला झटका बसला. मग दुसरा, तिसरा. इंजिनाचा एकसंध आवाज तुटला. लंगडत चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा, तीन ठोके आणि एक रिकामी जागा, असा तो येऊ लागला. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला.

पाय सैल केला तसे झटके थांबले. घाट उतरून सुरूर फाट्यावर आलो तेव्हा गाडी पुन्हा गुळगुळीत चालत होती. दोन आठवड्यांपूर्वी हीच तक्रार घेऊन मी एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथे चारही प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, इंजिन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन चकचकीत केलं आणि गाडी परत दिली. पैसे गेले, दुखणं राहिलं.

वाईत एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या मिस्त्रींनी बोनेट उघडण्याआधी विचारलं, “कधी मारते मिसिंग? सिग्नलला उभी असताना, का चढाला? गार असताना, का तापल्यावर?”

“चढाला. गाडी भरलेली असली की जास्त,” मी म्हणालो.

“मग आधी ठिणगीकडं बघू,” ते म्हणाले.

हातात पाना घेण्याआधी ते कारणाच्या इतक्या जवळ कसे पोहोचले, हे समजून घेतलं तर मिसिंगचा अर्धा अभ्यास होतो.

सेकंदाला शंभर स्फोट

पेट्रोल इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर चार पावलांत आपलं काम करतो. हवा-पेट्रोल आत ओढणं, ते दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. निकोलाउस ऑटो या जर्मन माणसाने १८७६ मध्ये हे चक्र प्रत्यक्ष चालणाऱ्या इंजिनात उतरवलं आणि आजची पेट्रोल गाडी त्याच चक्रावर चालते. या चार पावलांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एक सिलिंडर मिनिटाला १,५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा पेटतो. चार सिलिंडर मिळून सेकंदाला शंभर स्फोट होतात. बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो, म्हणजे क्रँकशाफ्टला दर अर्ध्या फेऱ्याला एक ढकल मिळते. त्यातली एक चुकली की तेवढा अर्धा फेरा शाफ्ट नुसता आधीच्या वेगावर वाहून जातो. आपल्याला जाणवतो तो झटका हाच.

स्फोट व्हायला तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, वेळेवर पडणारी दमदार ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. मिसिंगचं कारण कितीही आडवळणाचं असो, ते शेवटी या तिघांपैकी कुणाच्या तरी खात्यात जमा होतं. शोध घ्यायचा तो या तीन खात्यांचा, आणि तोही स्वस्त, सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जात.

गाडीला कसं कळतं?

क्रँकशाफ्टवर एक दातेरी चक्र बसवलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर ६० दातांची जागा असते आणि खूण म्हणून दोन दात काढून टाकलेले असतात. शेजारचा सेन्सर समोरून जाणारा प्रत्येक दात मोजतो. ३,००० फेऱ्यांना एका दाताकडून पुढच्या दाताकडे जायला सेकंदाचा तीन हजारावा भाग लागतो. स्फोट झाला की दात किंचित लवकर येतात, चुकला की किंचित उशिरा. हा उशीर कुणाच्या पाळीत झाला ते पाहून गाडीतला संगणक त्या सिलिंडरच्या नावावर नोंद करतो.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना ही स्वतःची तपासणी करणारी प्रणाली सक्तीची झाली. आपल्याकडे प्रदूषणाच्या भारत स्टेज मानकांबरोबर ती टप्प्याटप्प्याने आली. स्टिअरिंगखाली चाचपडलं तर १६ पिनांचं एक सॉकेट हाताला लागतं. मोबाईलला ब्लूटूथने जोडता येणारा छोटा स्कॅनरही तिथून कोड वाचू शकतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे कुणी एक ठरावीक नाही, वेगवेगळे चुकताहेत. पहिला सिलिंडर बहुतेक गाड्यांत पट्ट्याच्या किंवा टायमिंग चेनच्या बाजूचा असतो, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये खात्री करावी.

दिवा स्थिर लागलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर पाय तिथल्या तिथे सैल करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावं. चुकलेल्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल, न वापरलेल्या ऑक्सिजनसकट, सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा लेप दिलेली आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. एका प्लगचा खर्च वाचवायला जाऊन कन्व्हर्टर गमावणारे लोक आहेत. घाटात दिवा लुकलुकताना “वर जाऊन बघू” म्हणत गाडी रेटणं म्हणूनच फार महागात पडतं.

पत्ता मिळाला, रोग नाही

वाईच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पी ०३०२. दोन नंबर. सोबत आणखी एक कोड होता, पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मी लगेच विचारलं, “म्हणजे पेट्रोल कमी पडतंय का?”

“थांबा जरा,” ते म्हणाले. “जो सिलिंडर पेटलाच नाही त्याची हवा तशीच सायलेन्सरात गेली ना? सेन्सरला तिथं हवाच हवा दिसणार.”

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याला दिसत नाही. मिसिंगमुळे ऑक्सिजन वाढला की संगणक पेट्रोल कमी पडतंय असं समजून आणखी पेट्रोल सोडतो. मग कन्व्हर्टरवरचा भार वाढतो आणि अॅव्हरेज घसरतं. कोड हा पत्ता असतो. त्या पत्त्यावर काय बिघडलंय हे घरात जाऊनच पाहावं लागतं. पी ०३०२ दिसला म्हणून दोन नंबरचा प्लग बदला, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

कोडबरोबर संगणक त्या क्षणाचं एक चित्रही साठवतो. इंजिनाचे फेरे, त्यावरचा भार, पाण्याचं तापमान. माझ्या गाडीच्या चित्रात इंजिन पूर्ण तापलेलं होतं आणि भार जास्त होता. मी सांगितलेली घाटाची हकिकत आणि संगणकाची नोंद जुळली. म्हणूनच तपासणी होण्याआधी कुणी कोड पुसू लागलं तर त्याला थांबवावं. कोडबरोबर हे चित्रही पुसलं जातं.

केव्हा, हा पहिला प्रश्न

आता मिस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू.

दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवणं मोकळ्या हवेतल्यापेक्षा अवघड असतं. जितका दाब जास्त तितकं जास्त व्होल्टेज लागतं. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये भरपूर हवा शिरते, दाब वाढतो, आणि कॉइलला बॅटरीच्या १२ व्होल्टमधून हजारो व्होल्ट उभे करावे लागतात. कॉइल अशक्त असेल, प्लगचा गॅप झिजून वाढला असेल किंवा कॉइलच्या रबरी बूटला चीर असेल तर वीज गॅपमधून उडी मारायच्या ऐवजी सोपी वाट शोधते आणि बाजूच्या लोखंडात पळून जाते. सपाटीवर दाब कमी, त्यामुळे तीच कॉइल कशीबशी निभावून नेते. चढाला मिसिंग म्हटल्यावर ठिणगीवर संशय जातो तो यामुळे.

सिग्नलला गाडी थरथरते आणि रेस दिली की शांत होते, याचा अर्थ वेगळा. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आतल्या मॅनिफोल्डमध्ये ओढ खूप जास्त असते आणि इंजिनाला लागणारी हवा सर्वांत कमी. त्यात एखाद्या फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून चोरवाटेने हवा घुसली तर मिश्रण पार बिघडतं. रेस दिल्यावर आत जाणाऱ्या एकूण हवेच्या मानाने ती गळती किरकोळ ठरते. इथे पाइप, त्यांचे क्लिप, मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासायचं.

सकाळी सेल्फ मारल्यावर मिनिटभर थरथर, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कुठेही गळताना न दिसता कमी होत असेल तर हेड गॅस्केटमधून रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता मोठी. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. आणि गार असताना ठणठणीत, पण तासभर चालल्यावर मिसिंग, अशी तक्रार असेल तर तापल्यावर आतून तुटणारी कॉइल शोधावी.

गॅरेजला जाण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून नेली तरी मिस्त्रीचं निम्मं काम हलकं होतं.

अदलाबदल

आता पुढची पायरी. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर बसवली आणि तीनची दोनवर. बाकी कशालाही हात लावला नाही. “रोग कॉइलमध्ये असला तर तो तिच्याबरोबर तीनवर जाईल. नसला तर दोनवरच राहील,” ते म्हणाले. कोड लिहून घेऊन पुसला आणि आम्ही गाडी घेऊन पसरणीच्या चढाकडे निघालो. दोन वळणं चढलो तोच ओळखीचा झटका बसला. स्कॅनरवर या वेळी होतं पी ०३०३.

या तपासणीला नवा पार्ट लागत नाही, फक्त एक पाना आणि दहा मिनिटं. शक्यतो एका वेळी एकच गोष्ट हलवावी. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर मिसिंग कुणाबरोबर गेलं ते कळत नाही. कॉइलने उत्तर मिळालं नाही तर प्लगची अदलाबदल करायची, मग सहज निघत असतील तर इंजेक्टरची. प्रत्येक पायरीवर एक संशयित सुटतो किंवा पकडला जातो. आधीच्या गॅरेजमध्ये चारही प्लग बदलताना हा प्रश्न इंजिनाला कुणी विचारलाच नव्हता.

जुने मिस्त्री चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उपटून बघायचे. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. आजच्या गाडीत हे करू नये. हजारो व्होल्टचा धक्का बसू शकतो, इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं आणि ठिणगीविना सोडलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. तसंच करायचं झालं तर इंजेक्टरचा सॉकेट काढावा, म्हणजे त्या सिलिंडरचं पेट्रोलच थांबतं.

प्लग वाचणं

कॉइल सापडली होती, तरी मिस्त्रींनी दोन नंबरचा प्लग बाहेर काढला. प्लगचं टोक हे सिलिंडरच्या आतून आलेलं पत्र असतं. टोक फिकट तपकिरी असेल तर आत सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. काळं ओलं तेलकट टोक म्हणजे रिंगा किंवा वॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येतंय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे सिलिंडर फार तापतोय.

माझ्या प्लगचं टोक नवंच होतं. मिस्त्रींनी तो आडवा धरून वरची पांढरी चिनी मातीची बाजू उजेडात फिरवली. तिच्यावर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. मग कॉइलचा रबरी बूट उलटा करून आत टॉर्च मारला. तिथेही तशीच रेघ. वीज गॅपपर्यंत न पोहोचता याच वाटेने बाहेर पळत होती. अशी रेघ एकदा पडली की ती कार्बनची वाट होते आणि पुसून जात नाही. प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलला तर दुसऱ्यावरची रेघ नव्याला बिघडवते.

ठिणगी निर्दोष असेल तर

अदलाबदलीत मिसिंग जागचं हललं नाही तर पेट्रोलच्या खात्याकडे वळायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावला, फिरत्या पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवून, तर चालू इंजेक्टरची एकसारखी टिकटिक ऐकू येते. तीन टिकटिकतात आणि एक गप्प असेल तर आधी त्याची वायर तपासावी, मग इंजेक्टर. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरलेल्या उंदरांनी वायर कुरतडल्याच्या तक्रारी आपल्याकडे नेहमीच्या आहेत. गाडी आठवडाभर उभी होती आणि सुरू करताच मिसिंग आलं, तर टॉर्च घेऊन सगळं वायरिंग नजरेखालून घालावं.

शेवटचं खातं कॉम्प्रेशनचं. इंजिन तापवून, चारही प्लग काढून, पेट्रोल आणि ठिणगी बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून गेज लावतात आणि सेल्फ मारतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत आकडा १५० ते २०० पीएसआयच्या आसपास येतो. आकड्याइतकंच महत्त्व चौघांमधल्या फरकाला असतं. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने त्यांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवल्या. चढला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट फुटलंय. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्या मधल्या भिंतीवर गॅस्केट फुटल्याचा संशय पक्का. इथून पुढे हेड खोलायचं काम निघतं, आणि इथपर्यंत येण्याआधी आधीची दोन्ही खाती तपासलेली असलीच पाहिजेत.

सीएनजीवरच्या गाड्यांचा वेगळा विचार करावा लागतो. वायू पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशक्त कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते आणि पेट्रोलवर गाडी ठीक वाटते. कोरड्या इंधनावर वॉल्व्हच्या बैठकीही लवकर झिजतात. टॅपेटची फट कमी होत जाते आणि तापल्यावर वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. सीएनजीवर रोज धावणाऱ्या गाडीत टॅपेट वेळेवर तपासून घेतले तर हे दुखणं मोठं होण्याआधी सापडतं.

कारणामागचं कारण

कॉइल बदलून मिस्त्री मला तेव्हाच मोकळं करू शकले असते. मी पाकीट काढलंही होतं. त्यांनी हात आडवा केला आणि दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत एक पांढरा कपडा स्क्रू ड्रायव्हरने खाली सोडला. वर आला तो ऑइलने माखलेला होता, आणि ऑइलबरोबर पाण्याचे थेंबही होते.

“ही कॉइल आपोआप नाही मेली,” ते म्हणाले.

हेडच्या वरच्या टॅपेट कव्हरमधून प्लगच्या विहिरी खाली उतरतात आणि प्रत्येक विहिरीभोवती रबराची सील असते. उष्णतेने ती कडक होते, मग ऑइल विहिरीत झिरपतं. ऑइलने कॉइलचा बूट फुगतो, मऊ पडतो, चिरतो. त्यात दोन आठवड्यांपूर्वी जोरदार फवाऱ्याने इंजिन धुतलं तेव्हा पाणी विहिरीत जाऊन साचलं होतं. नवी कॉइल त्याच विहिरीत बसवली असती तर काही महिन्यांत तीही गेली असती, आणि मी तिसऱ्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो असतो.

त्यांनी टॅपेट कव्हर काढलं, पॅकिंग आणि चारही सील नव्या टाकल्या, विहिरी कोरड्या केल्या. प्लग बसवण्याआधी इंजिन गार होऊ दिलं. नव्या प्लगचा गॅप मोजला, आटे बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, वॉशर टेकल्यावरच पाना लावला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकंच आवळलं. हेड अॅल्युमिनियमचं असतं. आटे चुकून तिरके बसले किंवा जोर जास्त झाला तर शंभर-दोनशेच्या प्लगपायी हेडचं काम निघतं. नवी कॉइल बसली, कोड पुसला आणि आम्ही पुन्हा पसरणीच्या चढाकडे गेलो. पाचगणीच्या टेबललँडखालच्या वळणांपर्यंत गाडी एका दमात चढली.

उतरताना मी विचारलं, “पहिल्यांदाच ती कपड्याची परीक्षा का केली नाही?”

“आधी कोण मेलंय ते कळायला हवं,” ते म्हणाले. “मग का मेलं ते.”

परत आल्यावर त्यांनी तो ऑइलचा कपडा मला दिला. तो मी गाडीच्या डिकीत ठेवला आहे. दर सर्व्हिसिंगला पाण्याचा फवारा बोनेटकडे वळला की मी तो काढून दाखवतो आणि प्लगच्या विहिरी आधी झाकून घ्यायला सांगतो.